रंगायला दिलेलं मशीन

डॉक्टरांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे, आणि ते डॉक्टरही नव्हते. ते शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत चार स्क्रूड्रायव्हर, एक छोटी हातोडी, लांब चोचीची तेलाची डबी आणि कानामागे पेन्सिल. कुणाच्या घरी गेले की आधी मशीनला हात लावायचे नाहीत. "चालवा," म्हणायचे आणि डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत राहायचे. मग डोळे उघडून निदान सांगायचे, "पोटात धागा गेलाय हिच्या," नाहीतर, "याला दम लागतोय, पट्टा सैल झालाय." गल्लीच्या तोंडाशी एक खरे, पदवीवाले डॉक्टरही होते. त्यांना या प्रकाराचा थोडा राग होता, कारण कुणी पत्ता विचारला की लोक आधी विचारत, "कुठले डॉक्टर, माणसांचे का?"

बत्तीस वर्षं हा माणूस चालत होता. पायाला भिंगरी लावून जन्माला आलेला. घरात दहा मिनिटं बसला तर अकराव्या मिनिटाला खिडकीशी जायचा आणि बाराव्याला चपला शोधायचा. माणसांची नावं त्यांना आठवत नसत. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी दोनदा भर रस्त्यात "कोण आपण?" म्हणून विचारलं होतं. पण मशीनच्या अंगावर ठोकलेला नंबर एकदा वाचला की तो मरेपर्यंत पाठ. आणि पायडलवरच्या पायांचे आवाज तर त्यांना चेहऱ्यांसारखे ओळखू यायचे. अमकी घाईने दाबते, तमकी अर्ध्यावर थांबते, तिसरी एका पायाने चालवते आणि दुसऱ्याने पाळणा हलवते.

एवढ्या हुशार माणसात एकच खोट होती. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे.

पंधरा वर्षांपूर्वी उंच टेलर त्यांच्या दारात उभा राहिला. हा टेलर इतका उंच होता की गल्ली त्याला शिडी म्हणायची. त्याच्या मशीनचं शटल, म्हणजे खालचा धागा फिरवणारा पोलादी तुकडा, मोडलं होतं आणि शाळेचे साठ गणवेश परवावर आले होते. बाजारात शटल नव्हतं. डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि घरात, खिडकीखाली, बायकोचं मशीन उभं होतं. तिच्या वडिलांनी तिला दिलेलं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. "दोन दिवसांत नवीन आणून बसवतो," डॉक्टर मनाशी म्हणाले आणि शटल काढून दिलं. दोन दिवसांचे चौदा महिने झाले. तेवढ्यात गल्लीतल्या गणिताच्या बाईंच्या मशीनचं हातचाक तडकलं. बायकोचं मशीन शटलवाचून बंदच होतं. बंद मशीनला चाक काय करायचंय? चाक गेलं. मग तीन वर्षांनी डॉक्टरांची थोरली बहीण, आक्का, घर बदलून मागच्या गल्लीत राहायला आली, तेव्हा तिचं मशीन हातगाडीवरून पडून त्याचा सांगाडाच दुभंगला. आक्काचं शटल शाबूत, चाक शाबूत, फक्त मधलं धूड गेलेलं. आणि इकडे घरी नेमकं मधलं धूडच उरलं होतं. देवाने जोडी जुळवून दिल्यासारखी ही गोष्ट होती, आणि डॉक्टरांनी देवाला दुखावलं नाही.

बायकोला त्यांनी सांगितलं, "मशीन रंगायला दिलंय."

ते अकरा वर्षांपूर्वी. पुढे एक दिवस बायको विचारील या धास्तीने त्यांनी रिकाम्या स्टँडवर मशीनचं लाकडी झाकण पुन्हा बसवलं, कुलूप लावलं, "आलं रंगून, मस्त झालंय," असं जाहीर केलं आणि चार दिवसांनी "किल्ली कुठे गेली कळत नाही" असंही जाहीर केलं. किल्ली त्यांनी स्वतः गटारात टाकली होती. तेव्हापासून डॉक्टरीणबाई ते झाकण रोज ओल्या फडक्याने पुसायच्या, आणि ते पुसलं जात असताना डॉक्टर न चुकता बाहेर जायचे.

असं सुखाने चाललं होतं. मग नगरपालिकेने पातळ पिशव्यांवर बंदी आणली.

महिनाअखेरीनंतर दुकानात प्लॅस्टिकची पिशवी दिसली तर दुकानाला टाळं. दुकानदार हबकले. त्यांच्या संघाने ठरवलं की कापडी पिशव्या शिवून घ्यायच्या, घरोघरच्या बायकांकडून, हजारोंनी. आणि बघता बघता गावात शिलाई मशीनला सोन्याचा भाव आला. ज्या मशीनांवर वीस वर्षं टीव्ही ठेवले होते ते टीव्ही जमिनीवर आले. ज्यांच्यावर कुंड्या होत्या त्या कुंड्या जिन्यात गेल्या. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी नुसती खडखड ऐकू यायची, जणू सगळी घरं मिळून कुठेतरी निघाली आहेत.

बुधवारी डॉक्टर दुपारचं घरी आले तर बायको पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी.

"अहो, संघाच्या बाई येऊन गेल्या. चष्मेवाल्या. नाव लिहून घेतलं माझं."

"कशाला?"

"पिशव्यांना. दर आठवड्याला कापलेल्या कापडाचा एक गठ्ठा देणार. फक्त मशीन घरात पाहिजे. शनिवारी सकाळी बघायला येणार आहेत."

डॉक्टरांच्या हातातला पेला हातातच राहिला. "बघायला म्हणजे?"

"बघायला म्हणजे बघायला. डोळ्यांनी."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आहे की मशीन. नवं रंगवलेलं." डॉक्टरीणबाईंनी झाकणावरून हात फिरवला. "किल्लीचं तेवढं बघा. तुम्ही आख्ख्या गावाची मशीनं उघडता, हे एक कुलूप काय ते."

"बघतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि हो," ती आत जाता जाता म्हणाली, "या कामात मला घ्यायलाच हवंय त्यांनी. मुलं आपापल्या घरी गेली. आता दिवसभर मी काय करू? तुमची वाट बघू? ती मी बत्तीस वर्षं बघितली, त्यात शिकण्यासारखं काही नाही."

डॉक्टरांनी चपला पायात सरकवल्या. शनिवारपर्यंत अडीच दिवस होते. त्या झाकणाखाली एक मशीन, कुठलंही, कसंही, काळं असलं म्हणजे झालं, जाऊन बसायला हवं होतं.

ते आधी मशीनच्या दुकानात गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालक, जो एरवी डॉक्टर दिसले की खुर्ची पुढे करायचा, त्याने आज फक्त भुवई पुढे केली.

"एक मशीन हवंय," डॉक्टर म्हणाले.

"यादीत नाव घाला. दोन महिने."

"अरे, मी आहे."

"तुम्ही आहात म्हणून दोन. बाकीच्यांना तीन सांगतोय."

"जुनं? मोडकं? मी चालू करून घेईन."

"डॉक्टर, काल एक जण दारावरची पाटी मागत होता. ती लाकडी मशीनची. मी म्हटलं, बाबा, ती खोटी आहे. तर म्हणतो, असू दे, लांबून दाखवायचीय."

डॉक्टरांनी मान वर करून पाटीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मालकाने शहाणपणाने विचारलं, "तुम्हालाही लांबून दाखवायचीय का?" तेव्हा ते खोकून बाहेर पडले.

मग भंगारवाला. भंगारवाल्याकडे सायकली होत्या, पंखे होते, एक आख्खं लिफ्टचं दार होतं, पण मशीन म्हणून एक खिळासुद्धा नव्हता. "परवा एक बाई फक्त पायडल घेऊन गेली," तो म्हणाला. "म्हटलं, वरचं कुठे आहे? म्हणाली, येईल हळूहळू." मग बाजारामागची दोन गोदामं. मग एका ओळखीच्याची ओळखीची बाई, जिच्याकडे पडून असलेलं मशीन होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. ते पडूनच होतं, पण त्याच्यावर ती बाई आता बसली होती आणि दाराकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर, बरे आलात, धागा सारखा तुटतोय." डॉक्टरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. धागा तुटायचा थांबला तेव्हा दिवे लागले होते.

गुरुवारी त्यांना झोपेतून उठतानाच सुचलं. दुसऱ्याचं मशीन कशाला शोधायचं? आपलंच परत गोळा करावं. शटल शिडीकडे, चाक गणिताच्या बाईंकडे, धूड आक्काकडे. तिन्ही मिळून चालत दहा मिनिटांचा रस्ता. हा विचार इतका सोपा होता की त्यांना स्वतःचाच राग आला आणि ते चहा न पिता निघाले.

गणिताच्या बाई निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण त्या अजूनही माणसाकडे तो चुकीचं उत्तर देणार आहे अशा नजरेने पाहायच्या. त्यांच्या मशीनवर या आठ वर्षांत वह्यांचा ढीग होता. आज ढीग जमिनीवर आणि बाई मशीनवर.

"या. मी तुम्हालाच बोलावणार होते. दर सतराव्या टाक्याला एक टाका सुटतो."

"सतराव्याच?"

"मोजलंय मी."

डॉक्टरांनी चाकाकडे पाहिलं. काळं, कडेला सोनेरी रेघ, एका ठिकाणी ती रेघ जरा झिजलेली. तिथे बायकोचा अंगठा लागायचा. त्यांनी घसा साफ केला. "बाई, हे चाक..."

"काय झालं चाकाला?"

"नाही, म्हणजे, हे चाक जरा..."

"स्पष्ट बोला. वाक्य पूर्ण करा."

डॉक्टरांनी वाक्य पूर्ण केलं, "...जरा तेल मागतंय." त्यांनी चाकाला तेल दिलं. मग सुई बदलली, कारण सुई वाकडी होती आणि वाकडी सुई बघून त्यांना पुढे जाता येत नसे. टाका सुटायचा थांबला. बाईंनी चौतीस टाके मोजून खात्री केली आणि शाबासकी म्हणून फक्त "हं" म्हणाल्या.

शिडी टेलरकडेही तेच झालं. दुकानात रांग, शिडी मशीनवर दुहेरी घडी घालून वाकलेला. "डॉक्टर, तुमचं ते शटल," तो म्हणाला, "देवमाणूस आहात तुम्ही. पंधरा वर्षांत एक दिवस कुरकुरलं नाही. मी माझ्या पोरांना सांगतो, असं शटल आणि असा माणूस पुन्हा होणे नाही." एवढं बोलल्यावर त्या शटलला हात घालायला माणसाच्या अंगात दरोडेखोराचं काळीज लागतं. डॉक्टरांकडे ते नव्हतं. त्यांनी त्याचा पायडल आवळून दिला आणि निघाले. दिवसभरात त्यांनी सहा मशीनं दुरुस्त केली आणि एकही मिळवलं नाही. संध्याकाळी घरी आले तर बायको झाकण पुसत होती. ते उंबऱ्यातूनच परत फिरले आणि गल्लीला दोन फेऱ्या मारून आले.

उरली आक्का. आक्काकडे जायला ते बिचकत होते, कारण आक्का एकटीच अशी होती जिला धूड कुठून आलं हे माहीत होतं. त्या वेळी त्यांनी तिला शपथ घातली होती, "हिला सांगू नकोस." आणि आक्का म्हणाली होती, "मी कशाला सांगू बाई."

शुक्रवारी दुपारी बाराला ते मागच्या गल्लीत गेले. बायकोची आक्काकडे जायची वेळ दोनची असायची. गेली अकरा वर्षं ती रोज दोन ते पाच आक्काकडे जायची. आक्काचे गुडघे धरले होते, आणि बायको त्यांना तेल लावून द्यायची. डॉक्टरांना याचं फार कौतुक होतं. नणंदेचे गुडघे तीन-तीन तास चोळणारी भावजय हल्ली कुठे मिळते? ते चारचौघांत सांगायचेसुद्धा.

आक्काची सून आत मशीनवर होती. त्यांना पाहून तिने पदराने हसू पुसलं आणि पिशव्यांचा ढीग उचलून आतल्या खोलीत गेली.

"काय रे धाकल्या, वाट चुकलास?" आक्का म्हणाली. ती स्टुलावर चढून फळीवरचा साखरेचा डबा काढत होती. डबा काढून ती टुणकन खाली उतरली.

"आक्का, एक काम होतं. ते धूड. चार दिवस देतेस?"

"धूड? म्हणजे आख्खं मशीनच की."

"चारच दिवस. शनिवार गेला की परत."

"छान. आणि माझ्या सुनेने काय करायचं? परवाच ती चष्मेवाली येऊन बघून गेली. नंबरसुद्धा लिहून नेला. तिचा गठ्ठा आलाय. सकाळी ती बसते मशीनवर."

"मग दुपारी तरी?"

"दुपारी दुसरीच बाई येते शिवायला."

"कोण?"

आक्काने चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. "आहे एक. बऱ्या घरातली आहे. पण नवरा दिवसभर गावभर भटकतो. घरी मशीन होतं बिचारीचं, ते त्याने विकलं म्हण, उधळलं म्हण. आणि वर तिच्याशी खोटं बोलतो."

डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं. "काय माणसं असतात," ते म्हणाले.

"असतात."

"आणि ती ऐकून घेते?"

"घेते. म्हणते, बघू या कधी सांगतो ते."

"असल्या माणसाला चारचौघांत उभं केलं पाहिजे."

"करू," आक्का म्हणाली. "चहा घे."

चहा घेताना डॉक्टरांची नजर मशीनवर होती. मशीनच्या कोपऱ्यावर टाचण्या टोचायची एक गुबगुबीत गादी होती, तपकिरी मोज्याची केलेली. असा मोजा आपण कुठेतरी पाहिलाय, त्यांना वाटलं. त्यांचा स्वतःचा एक मोजा सहा वर्षांपूर्वी दोरीवरून उडून गेला होता, आणि त्याचा जोडीदार अजून ट्रंकेत एकटा होता. पण त्या विचाराचा पुढचा टाका पडायच्या आत त्यांच्या डोक्यात दुसरी काळजी शिरली: चष्मेवाली नंबर लिहून घेते. म्हणजे उसनं मशीन आणूनही उपयोग नाही. सगळे रस्ते बंद. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे बायकोला खरं सांगणं. ते सुचताच त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळले.

शनिवारी सकाळी त्यांनी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा बायको केस विंचरत होती. "अगं," ते म्हणाले. "काय?" "काही नाही." दुसऱ्यांदा ती दार झाडत होती. "ते झाकण," ते म्हणाले. "पुसलंय," ती म्हणाली. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि दारात चपला वाजल्या.

चष्मेवाल्या बाईंबरोबर निम्मी गल्ली आली होती. ज्यांची मशीनं बघून झाली होती ते पुढची बघायला बरोबर निघत, त्यामुळे मिरवणूक घरागणिक वाढत होती. शिडी टेलर चौकटीत वाकून उभा होता. गणिताच्या बाई होत्या. सगळ्यांच्या मागे आक्का, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, पण तो हात टेकायला नव्हता. तो तिला हसू येऊ नये म्हणून होता.

"मशीन?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वहीसारखा कोरा होता. "उघडा. नंबर घ्यायचाय. या आठवड्यात मला एकच मशीन तीन घरांत दाखवलं गेलंय, मागच्या दाराने पळवून."

डॉक्टर स्टँडपुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात मागे, झाकणाला टेकलेले. "याची किल्ली," ते म्हणाले, "म्हणजे किल्लीचं असं झालं..."

"सरका," बायको म्हणाली.

तिने कनवटीची किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली. कुलूप उघडलं. डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी गटारात टाकलेल्या किल्लीची बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत फिरली. झाकण वर उचललं गेलं.

आत पिशव्या होत्या. कोऱ्या, घडी घातलेल्या, काठाला काठ जुळलेल्या, एकावर एक. मशीन जेवढी जागा घेतं, तेवढीच जागा त्यांनी घेतली होती.

चष्मेवाल्या बाईंनी एक पिशवी उचलली. उलटी केली. शिवण नखाने खरवडून पाहिली. मग शिडीच्या हातातली जाड कात्री, आपली वही, कोपऱ्यातला वरवंट्याएवढा दारअडणीचा दगड, सगळं पिशवीत भरून पिशवी हवेत झुलवली. बंद तुटला नाही. "शिवण चांगली आहे," त्या म्हणाल्या. "शिवलीत कुठे?"

"नणंदेकडे, तिच्या सुनेच्या गठ्ठ्यातलं कापड घेऊन. दुपारी दोन ते पाच."

डॉक्टरांच्या डोक्यात एका मागून एक टाके पडत गेले. गुडघे. स्टूल. मोजा. बऱ्या घरातली बाई. असल्या माणसाला चारचौघांत उभं केलं पाहिजे. ते चारचौघांतच उभे होते.

"मग ते मशीन नणंदेचं," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात मशीन नाही. नियम नियम आहे. नाव कमी करावं लागेल." आणि त्यांनी वही उघडून पेनाचं टोपण काढलं.

डॉक्टरीणबाईंनी ती उलटी केलेली पिशवी पुन्हा सुलटी केली आणि घडी घालू लागल्या. घडी नीट बसेना. बत्तीस वर्षांत बायकोची घडी चुकलेली डॉक्टरांनी पाहिली नव्हती.

"थांबा," ते म्हणाले. "ते मशीन हिचं आहे."

"तुम्ही कोण?"

"मी हिचा नवरा. मीच नेलं ते. चादरीत गुंडाळून, मागच्या दाराने. रंगायला दिलंय म्हणून सांगितलं. रंगायला नव्हतं दिलं. सांगाडा आक्काला दिला. त्याच्या आधी शटल दिलं, ते या शिडीच्या मशीनमध्ये आहे. चाक गणिताच्या बाईंकडे. हिच्या वडिलांनी दिलेलं होतं. मी एकेक करून सगळं वाटून टाकलं, आणि किल्ली गटारात टाकली."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं चाक माझं नाही."

"नाही."

"चौदा वर्षं."

"हो."

"हे बोलून झालं," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "पण बोलणं काय, कुणीही बोलेल. मशीन यांचंच हे कशावरून?"

डॉक्टरांनी डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली. "चार एक सात शून्य नऊ तीन," ते म्हणाले.

चष्मेवाल्या बाईंनी वहीची मागची पानं उलटली. आक्काच्या घरापाशी बोट थांबलं. त्यांनी नंबर मनात वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला. तोवर डॉक्टरीणबाईंनी लाकडी झाकण उलटं करून त्यांच्यासमोर धरलं होतं. आतल्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मशीन दिलं त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं, हरवलं तर सापडावं म्हणून: ४१७०९३.

चष्मेवाल्या बाईंनी पेनाला टोपण पुन्हा लावलं. "एका मशीनवर दोन गठ्ठे देता येतील असं नियमात नाही," त्या म्हणाल्या. "येणार नाहीत असंही नाही. सकाळी सून, दुपारी तुम्ही. पण घरात काहीतरी काम चाललेलं मला दिसलं पाहिजे. पिशव्या उलटवायच्या असतात, कोपरे काढायचे असतात. सकाळी मी कधीही येईन. तेव्हा इथे बसलेलं कोण सापडेल?"

"मीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि दुपारी आले तर?"

सगळी गल्ली डॉक्टरांकडे बघू लागली.

"हे बसतील," बायको म्हणाली.

मिरवणूक पुढच्या घराकडे गेली. शिडी जाताना डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. गणिताच्या बाई मात्र थांबल्या. "आठवड्यातून दोन संध्याकाळी माझं मशीन तुमचं," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "चाकाच्या हिशेबाने जास्त होतंय, पण असू दे."

घरात दोघंच उरली.

"कधीपासून माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रंगायला नेलंत त्या दिवसापासून. वन्संनी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहतं का?"

"आणि बोलली नाहीस?"

"दोनदा बोलणार होते. तेवढ्यात तुम्ही चपला घातल्यात." तिने पिशव्यांचा गठ्ठा काखेत घेतला. "आधी राग आला, फार आला. महिनाभर वन्संकडे गेलेच नाही. मग वाटलं, मशीन माझं, मी का नको जाऊ?"

"मी आणून देतो ते परत. आत्ता. सुनेला दुसरं शोधतो."

"नको."

"का?"

"इथे आणलं तर सहा महिन्यांत त्याची सुईसुद्धा शिल्लक राहायची नाही." दारात थांबून तिने त्यांची चामड्याची पिशवी खुंटीवरून काढली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. "ही माझ्याजवळ असू दे. पाच वाजता मिळेल."

दोन वाजता डॉक्टर रिकाम्या स्टँडपुढे बसले. एका बाजूला उलट्या पिशव्या, एका बाजूला सुलट्या. कानामागची पेन्सिल तेवढी त्यांच्याकडे उरली होती. तिच्या बोथट टोकाने ते पिशवीचे कोपरे बाहेर ढकलू लागले. एक झाली. दोन झाल्या. दहाव्या मिनिटाला पाय हलायला लागले. पायाखाली पायडल होता. त्यांनी तो उगाच दोनदा दाबला. वर काहीच नव्हतं, तरी खाली चाक फिरलं.

मागच्या खिडकीतून आवाज येत होता. या वेळी ते कधीच घरी नसत, म्हणून अकरा वर्षांत तो त्यांनी ऐकला नव्हता. दोन दाब आणि एक विसावा. दोन दाब आणि एक विसावा. हा पाय कुणाचा हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं याच आवाजात ते जेवले होते. त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली. चार पिशव्यांच्या शिवणी त्यांनी नुसत्या ऐकल्या.

पाचव्या पिशवीला मध्येच एक टाका सुटला. बारीकसा. शटलमध्ये धुळीचा कण असावा, फुंकर मारली की निघेल, दोन सेकंदांचं काम. ते थोडा वेळ तग धरून बसले. पुन्हा सुटला. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले, चपलांकडे पाहिलं, आणि एक चपल पायात गेलीसुद्धा.

पलीकडे मशीन थांबलं.

"ऐकू आलं मला," मागच्या गल्लीतून बायकोचा आवाज आला. "काढलाय मी कण. बसा."

डॉक्टर एका पायात चपल घालून बसले, आणि त्यांनी पुढची पिशवी उचलली.